कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी वाढवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, छापखाने, झेरॉक्सची दुकाने, शाळांची कार्यालये आणि उद्यमबागेतील लहान कारखाने यांच्या टेबलांवर जे संगणक दिसतात, त्यांत डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्यांचे तयार डेस्कटॉप पुष्कळ असतात. दुकानदार त्यांना ‘ब्रँडेड’ म्हणतात. काही नवे घेतलेले असतात, तर काही मोठ्या शहरांतील कार्यालयांनी चार-पाच वर्षे वापरून काढून टाकल्यावर दुरुस्त होऊन इकडे आलेले असतात. असा संगणक मंदावला की मालक दुकानात जाऊन ‘रॅम टाकून द्या’ एवढेच सांगतो आणि दुकानदारही तेवढेच करून देतो. परंतु तयार डेस्कटॉपची पेटी, तिच्यातील वीजजोडणी आणि मदरबोर्ड हे त्या त्या कंपनीने आपल्या सोयीने घडवलेले असतात, त्यामुळे सुटे भाग जोडून असेंबल केलेल्या संगणकाला जे चालते ते येथे चालेलच असे नाही. म्हणून या कामात निदान आधी, झाकण उघडून पाहणी त्यानंतर आणि खरेदी सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

कमतरता नेमकी कशाची आहे

रोजचे काम नेहमीप्रमाणे चालू ठेवावे, म्हणजे टॅली, ब्राउझर, प्रिंटरचे सॉफ्टवेअर असे जे एरवी उघडलेले असते ते सर्व उघडावे, आणि मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरी, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी रॅम, आणि फायली कायम साठवणारी डिस्क यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. मेमरी निम्मीच वापरली जात असताना डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर दोष जुन्या हार्डडिस्कचा आहे. मेमरीच नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी आहे. येथे एक फसगत संभवते: रॅम भरली की विंडोज उरलेला मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये लिहू लागते, त्यामुळे रॅम कमी असतानाही डिस्क शंभर टक्के दिसते. यासाठी मेमरीचा आकडा आधी पाहावा, डिस्कचा नंतर.

फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असलेल्या संगणकात पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क एखादा मोठा व्हिडिओ सलग वाचताना फारशी मागे पडत नाही, परंतु विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली निरनिराळ्या जागांवरून उचलाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी डिस्कचा काटा त्या जागी पोहोचेपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने तोच शोध मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात संपतो. फरक जाणवतो तो येथे. रॅमचे म्हणाल तर ४ जीबी आता कशालाच पुरत नाही. हिशेब, पत्रव्यवहार आणि ब्राउझर यांना ८ जीबी पुरते. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपमध्ये लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी १६ जीबीच्या खाली राहू नये. जुन्या सॉफ्टवेअरसाठी काही छापखान्यांत अजून ३२ बिटचे विंडोज ठेवलेले असते. त्याला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, म्हणून सेटिंग्जमधील अबाउट या पानावर सिस्टिम टाइप काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय रॅम घेऊ नये.

आणखी एक हिशेब याच वेळी मांडावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि किमान ४ जीबी रॅम लागते. चौथ्या पिढीच्या संगणकात कितीही रॅम घातली तरी तो या अटीत अधिकृतपणे बसत नाही. इंटरनेटला न जोडता केवळ डीटीपीसाठी वापरायचा असेल तर एसएसडी आणि थोडी रॅम एवढा खर्च त्यावर करणे योग्य ठरते. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर तोच पैसा पुढच्या पिढीच्या जुन्या संगणकाकडे वळवलेला बरा.

मॉडेल ओळखणे आणि झाकण उघडणे

पेटीच्या पुढच्या बाजूला लिहिलेले नाव अपुरे असते. डेलने ऑप्टिप्लेक्स ७०१० हे नाव २०१२ मध्ये एका मॉडेलला दिले आणि २०२३ मध्ये तेच पुन्हा दुसऱ्या मॉडेलला दिले. पहिल्यात डीडीआर३ रॅम बसते, दुसऱ्यात प्रकारानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ (डीडीआरपुढचा आकडा रॅमची पिढी सांगतो). ऑप्टिप्लेक्स ३०५० एकाच नावाने टॉवर, लहान पेटी आणि तळहाताएवढा मायक्रो अशा आकारांत मिळत असे, आणि मायक्रोमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम लागते. म्हणून डेलच्या पेटीवरील सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग, एचपीवरील प्रॉडक्ट नंबर किंवा लेनोव्होवरील मशीन टाइप टिपून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका उतरवून घ्यावी. जास्तीत जास्त किती रॅम चालते, ती बसवायच्या खाचा किती आहेत, एम.२ ची (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आहे की नाही, हे सारे त्या पुस्तिकेत असते. उदाहरणार्थ, आपल्याकडे अजून पुष्कळ दिसणाऱ्या ऑप्टिप्लेक्स ३०२० मध्ये डीडीआर३ च्या दोनच खाचा आहेत, मर्यादा १६ जीबीची आहे आणि एम.२ ची जागा मुळीच नाही.

पुस्तिका वाचली तरी झाकण उघडून पाहावेच, कारण आपल्या आधीच्या मालकाने आत काय केले आहे ते पुस्तिकेला ठाऊक नसते. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करण्याचे बटण १५ सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. खानापूर आणि जांबोटीकडील कार्यालयांत पेटीच्या आत तांबड्या मातीचा थर सापडतो. पेटी बाहेर पडवीत नेऊन ब्लोअरने ती माती उडवावी आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या झोताने तो भरधाव फिरल्यास बिघडू शकतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून रॅमला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि लोकरी स्वेटर घालून हे काम करू नये. पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो: भिजत आणलेल्या पिशवीतून काढलेला सुटा भाग तासभर घरात कोरडा होऊ द्यावा.

आत पाहताना चार गोष्टींचे मोबाइलवर फोटो घ्यावेत: रॅमच्या खाचा आणि त्यांत बसलेल्या रॅमवरील चिठ्ठी, हार्डडिस्ककडे जाणाऱ्या वायरी, मदरबोर्डवरील मोकळी सॅटा जोडणी (जिला डिस्कची वायर लागते ती) आणि एम.२ ची जागा. हेच फोटो दुकानात दाखवायचे असतात.

रॅम निवडताना

डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंना २८८, परंतु मधली खाच प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. जोर लावून बसवू पाहणारा मदरबोर्ड गमावतो. व्होल्टेजही वेगळे असते: डीडीआर३ ला १.५, डीडीआर३एल ला १.३५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. वेग कमीजास्त असला तरी चालतो. २४०० ची जुनी पट्टी आणि २६६६ ची नवी पट्टी एकत्र लावल्यास दोन्ही २४०० वर चालतात. म्हणून जुन्या संगणकासाठी अधिक वेगाच्या रॅमला अधिक पैसे देण्यात अर्थ नाही. एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात याचा फायदा दिसतो, कारण तेथे चित्र काढण्याचे कामही याच रॅममधून होते. तरीही ४ आणि ८ अशी जोडी बहुतेक वेळा विनातक्रार चालते, आणि हाताशी असलेली ४ जीबी काढून फेकण्याची गरज नाही.

स्वस्ताईच्या दोन जागी मात्र हात आखडता घ्यावा. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम बाजारात फार कमी भावात मिळते, पण साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालू होत नाही. तसेच ऑनलाइन मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात तळाशी बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिलेले असते. इंटेलच्या संगणकाला त्यांचा उपयोग नाही. २०२५ च्या अखेरीपासून नव्या मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे बेळगावच्या खडेबाजारात किंवा कोल्हापुरात वापरलेली रॅम पाहणे रास्त आहे. मात्र दुकानातच ती आपल्या पेटीत लावून, टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण आकडा दिसल्यावरच पैसे द्यावेत, आणि बिलावर पट्टीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

एसएसडी, आणि तयार पेटीतील अडचणी

तबकडीच्या जागी येणारी एसएसडी दोन रूपांत मिळते. अडीच इंची सॅटा एसएसडी ही सर्वांत निर्धोक: सॅटा जोडणी असलेल्या कोणत्याही डेस्कटॉपला ती चालते आणि सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वाचते. एम.२ ची पट्टी थेट मदरबोर्डवर बसते, पण तिच्यातही सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार आहेत. पीसीआयई ३.० या मदरबोर्डवरील वेगवान जोडणीच्या चार मार्गिकांवर चालणारी एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत जाते. हे आकडे ऐकून भुरळ पडते, परंतु पत्र टाइप करणाऱ्याला आणि पावत्या काढणाऱ्याला सॅटा आणि एनव्हीएमई यांतील फरक क्वचितच जाणवतो. हार्डडिस्कवरून सॅटा एसएसडीवर येणे हीच खरी उडी असते. चौथ्या पिढीच्या संगणकात अडॅप्टर कार्ड घालून एनव्हीएमई दिसते, पण तिच्यावरून विंडोज सुरू करणे त्या काळच्या तयार डेस्कटॉपच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरला) सहसा जमत नाही. तेथे सॅटाच घ्यावी.

मदरबोर्डवर दिसणारी प्रत्येक लहान आडवी खाच एसएसडीची असते असेही नाही. तशीच दिसणारी आखूड जागा वायफाय कार्डासाठी असते आणि तिची खाच वेगळ्या ठिकाणी कापलेली असते. एसएसडीच्या जागेशेजारी बहुधा २२८० किंवा २२३० असे आकडे छापलेले असतात. म्हणजे पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० किंवा ३० मिलिमीटर लांब. पट्टी दाबून धरणारा बारीक स्क्रू तयार डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा नसतोच, म्हणून तो एसएसडीबरोबरच मागून घ्यावा.

सर्वाधिक वेळ खातात त्या वायरी. असेंबल संगणकाच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, सॅटाच्या चार-पाच वायरी लोंबकळत असतात. कंपनीच्या लहान पेटीत डिस्कला वीज मदरबोर्डवरील एका खास जोडणीतून येते, आणि ती वायर नेमकी तितक्याच डिस्कपुरती असते. जुनी डिस्क ठेवून शिवाय एसएसडी लावायची असेल तर दुसरी वायर कोठून आणायची हा प्रश्न उभा राहतो. टॉवरमधील मोठ्या डीव्हीडी ड्राइव्हची वायर काढून एसएसडीला लावता येते. लहान पेटीतील सडपातळ डीव्हीडीची वीजजोडणी मात्र आखूड असते आणि ती एसएसडीला बसत नाही. अशा वेळी त्याच मॉडेलसाठी बनवलेली दोन फाट्यांची वायर मागवावी. चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून सॅटा काढून देणाऱ्या, टोकाशी प्लास्टिक एकसंध ओतलेल्या स्वस्त वायरी वापरू नयेत. आतल्या तारा एकमेकींना टेकून त्या वितळल्याची आणि पेटल्याची उदाहरणे आहेत. एसएमपीएस बदलून टाकण्याचा सल्लाही लगेच मानू नये, कारण या कंपन्यांच्या मदरबोर्डला जाणारा मुख्य प्लग पुष्कळदा २४ पिनांचा नसतो. एसएसडी बसवायला ट्रे नसल्याची काळजी करू नये: तिच्यात हलणारे काही नाही, म्हणून दुहेरी चिकटपट्टीने ती पेटीला चिकटवली तरी बिघडत नाही.

उघडण्यापूर्वी काय वाचवून ठेवायचे

फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे हे सर्वांनाच ठाऊक असते, पण या भागातील कार्यालयांत त्याहून अधिक काही जपावे लागते. येथल्या अनेक संगणकांत मराठीसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम आणि कन्नड पत्रव्यवहारासाठी नुडी, अशी दोन्ही सॉफ्टवेअर एकत्र नांदत असतात, आणि युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक पद्धत येण्यापूर्वीच्या फायली त्या त्या फाँटशिवाय उघडल्या तर निव्वळ चिन्हांची रांग दिसते. विंडोज नव्याने टाकल्यावर हे फाँट नाहीसे होतात. त्यासाठी विंडोजच्या फोल्डरमधील फाँट्स हा पूर्ण फोल्डर आणि त्या सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर वेगळे ठेवावेत. ज्या जुन्या आवृत्त्यांना डाँगल (परवान्यासाठी संगणकाला लावायचा तुकडा) लागतो, तो काढून खोक्यात हरवू देऊ नये. टॅलीचा परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी टॅलीतूनच तो सरेंडर करावा आणि नंतर पुन्हा चालू करून घ्यावा. बिटलॉकर हे डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे साधन चालू असल्यास ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, करण्यापूर्वी ते तात्पुरते थांबवावे. विंडोज १० आणि ११ चा परवाना बहुतांशी मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही.

अशी जुनी सॉफ्टवेअर असतील तर जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नुसते ब्राउझर आणि टॅली असेल तर विंडोज नव्याने टाकलेले अधिक स्वच्छ.

बसवणे आणि सुरू करणे

रॅम आणि एसएसडी एकाच बैठकीत लावू नयेत. आधी रॅम लावून संगणक सुरू करून पाहावा, मग बंद करून एसएसडी लावावी, म्हणजे काही बिघडल्यास दोष कोणाचा ते लगेच कळते. रॅमच्या पट्टीवर कापलेली खाच मदरबोर्डवरील खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा आणि टोकाच्या कड्या आपोआप ‘कट’ असा आवाज करून बंद होईपर्यंत थांबू नये. पहिल्यांदा सुरू होताना पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहतो. डीडीआर५ असल्यास काही मिनिटेही लागतात. डेलचा संगणक मेमरी बदलल्याचा संदेश दाखवून थांबतो, तेथे पुढे जाण्याचे बटण दाबले की झाले. डेलच्या बटणावरील दिवा दोनदा आणि मग तीनदा असा लुकलुकत राहिला, तर त्याला रॅम सापडलेली नाही. पट्टी काढून सोनेरी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पुन्हा बसवावी, आणि तरीही चालले नाही तर एकेक पट्टी एकेका खाचेत लावून पाहावी. खोडरबर घासण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती चालतेही, पण रबराचे कण खाचेत पडू देऊ नयेत. नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. त्यात एकही चूक दिसली तर ती पट्टी परत करावी. ‘एखादी चूक चालते’ असे सांगणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये.

क्लोन करण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोने जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. तेथे ‘कॉशन’ दिसले तर क्लोनच्या नादी न लागता आधी कामाच्या फायली उचलाव्यात, कारण मरणासन्न डिस्क तासन्‌तास सलग वाचायला लावणे म्हणजे तिचा शेवट ओढवून घेणे होय. डिस्क ठीक असेल तर एसएसडी मोकळ्या सॅटा जोडणीवर किंवा यूएसबीच्या केसमध्ये लावून, एसएसडीच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरने अथवा क्लोनझिलाने प्रत काढावी. क्लोनझिलात नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली तर अडचण येते. कंपन्यांची सॉफ्टवेअर बहुधा फक्त भरलेला भाग उचलतात. कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य हे आकारावरून आणि नावावरून दोनदा वाचावे, कारण उलट निवड झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हेस्कॉमची वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्यावी आणि वळवाच्या दिवसांत हे काम दुपारी सुरू करू नये.

प्रत पूर्ण झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवून फक्त एसएसडीवर संगणक सुरू करावा. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने त्या एकत्र राहिल्या तर विंडोजचा गोंधळ होतो. बायोसमध्ये जाण्यासाठी डेलला एफ२, एचपीला एफ१० आणि लेनोव्होला एफ१ दाबावे. तेथे सॅटाची पद्धत पूर्वी रेड (RAID) असेल तर रेडच राहू द्यावी, एएचसीआय असेल तर एएचसीआय. बदलल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. जुनी डिस्क एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची असेल आणि नवी एनव्हीएमई असेल तर विंडोज १० मधील एमबीआर२जीपीटी ही आज्ञा फायली न पुसता जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करते, मात्र त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडावी लागते. डीफ्रॅगची, म्हणजे विखुरलेल्या फायली सलग लावण्याची, गरज एसएसडीला नसते. विंडोज स्वतःच तिला ठराविक काळाने ट्रिम करते, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे तिला कळवते.

जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवावी. नुडीतील पत्रे, श्रीलिपीतील पत्रिका आणि टॅलीचे मागील वर्षांचे हिशेब नव्या एसएसडीवर उघडून, छापून पाहिल्यानंतरच तिच्याकडे वळावे. पुढे ती पेटीतच दुसरी डिस्क म्हणून ठेवायची असेल तर तिच्यावरील विंडोजचे भाग काढून टाकावेत. भंगारात किंवा दुकानात द्यायची असेल तर क्विक हा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट करावे, कारण क्विक फॉरमॅटनंतर पतसंस्थेच्या सभासदांची नावे, आधारच्या प्रती आणि खात्यांचे तपशील साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. चालूच होत नसलेल्या डिस्कचे झाकण उघडून तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.